काळ्या बुटात चेहरा कसा दिसतो

डिसेंबरच्या शेवटी भाचीचा फोन आला. ती कॉलेजात एनसीसीच्या पहिल्या वर्षाला आहे. २६ जानेवारीच्या संचलनासाठी तिची निवड झाली होती आणि बूट काही केल्या चमकत नव्हते. "मावशी, अर्धी डबी संपली गं. घासून घासून हात भरून आले. तरी बूट नुसता मेणकट दिसतोय."

बूट घेऊन ये म्हटलं. आली तेव्हा टोकावर पॉलिशचा इतका जाड लेप होता की नखाने ओढलं तर नखात काळी रेघ यायची. मला माझंच पहिलं शिबिर आठवलं. बावीस वर्षांपूर्वी मीही असाच लेप थापून उभी राहिले होते, आणि आमच्या उस्तादांनी बूट हातात घेऊन, उन्हात फिरवून एवढंच म्हटलं होतं, "पॉलिश कम, पानी कम, टाइम ज़्यादा." तेव्हा ते नियम म्हणून पाठ केलं. त्यामागचं कारण कळायला पुढे बरीच वर्षं गेली. भाचीला मी आधी कारण सांगितलं आणि मगच फडका हातात दिला, कारण कारण कळलं की हात आपोआप हलका पडतो.

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढून टाकायला हवा. चकाकी पॉलिशमध्ये नसते. डबीतलं मेण स्वतः चमकत नाही. अळूचं पान आठवा. त्याच्यावर मेणाचा थर असतो, म्हणून तर पाण्याचा थेंब त्यावर टिकत नाही, मोत्यासारखा घरंगळतो. पण अळूचं पान चकचकीत असतं का? नाही. ते मऊसर, धुरकट हिरवं दिसतं. त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात, आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे आणखी बारीक कण असतात. येणारा प्रकाश त्या खडबडीतपणावर आपटून दाही दिशांना पांगतो. भाचीचा बूट म्हणजे अळूचं पान झाला होता. मेण भरपूर, पण खडबडीत.

चमक येते ती सपाटपणामुळे. पृष्ठभाग सपाट असला की एका दिशेने आलेला प्रकाश एकाच दिशेने परततो, आणि मग त्यात दिव्याची, खिडकीची, चेहऱ्याची आकृती शाबूत राहते. पण किती सपाट? दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम शंभर-दीडशेवा हिस्सा. पृष्ठभागावरचे खड्डे आणि उंचवटे याहूनही बरेच लहान झाले तरच तो प्रकाशाला सपाट वाटतो. आता चामडं पाहा. ते जनावराचं कातडं आहे, त्यावर केस होते, आणि केस गेल्यावरही त्यांची छिद्रं राहिलेली असतात. भिंगाखाली धरलं तर चांगल्यात चांगलं चामडंसुद्धा पावसाने झोडपलेल्या मातीसारखं दिसतं. ही छिद्रं आणि सुरकुत्या प्रकाशाच्या लहरींपुढे विहिरी आणि टेकड्याच आहेत. नुसतं घासून त्या सपाट होत नाहीत. त्या मेणाने भराव्या लागतात, आणि भरल्यावर वरचा पापुद्रा घोटावा लागतो. आरशासारख्या पॉलिशमध्ये होतं ते एवढंच. आधी भरणं, मग घोटणं.

जुन्या वाड्यांमध्ये चुन्याच्या भिंती अशाच करत. आधी जाडाभरडा गिलावा, मग बारीक चुन्याचा पातळ हात, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घोटाई. त्या भिंतीवर हात फिरवला तर संगमरवर वाटावा. तिथेही शेवटच्या हाताला जास्त चुना घेणारा गवंडी काम बिघडवायचा.

काळा बूट तपकिरी बुटापेक्षा जास्त का चमकतो, हे मला फार दिवस कोडं होतं. उत्तर विहिरीत आहे. विहिरीत वाकून पाहिलं की आपला चेहरा दिसतो, पण तेच पाणी स्टीलच्या परातीत ओतलं तर चेहरा तितका स्वच्छ दिसत नाही. पाणी तेच आणि सपाटही तेवढंच. फरक तळाचा आहे. सरळ वरून पाहिलं तर मेणाच्या सपाट पृष्ठभागावरून शंभरातला साधारण चार भाग प्रकाशच परत येतो. ते चार भाग उठून दिसायचे तर खालून दुसरा प्रकाश येऊन त्यांच्यात मिसळता कामा नये. काळं चामडं बाकीचा जवळजवळ सगळा प्रकाश गिळून टाकतं, म्हणून ते चार भाग एकटे उरतात आणि आपल्याला आरसा दिसतो. तपकिरी चामडं स्वतःच्या रंगाचा बराच प्रकाश बाहेर टाकतं, त्यात आकृती फिकी पडते. तपकिरी बुटावर तितकीच मेहनत घेऊनही तो 'काचेसारखा' दिसला नाही तर हात कमी पडला असं समजू नका. आणि बूट डोळ्यांच्या पातळीवर, तिरपा धरून पाहिला की जास्त चमकतो, तो तुमचा भास नाही. प्रकाश जितका तिरपा येतो तितका तो पृष्ठभागावरून जास्त परततो. म्हणून काम तपासताना बूट नेहमी एकाच कोनातून पाहावा, नाहीतर आपण स्वतःलाच फसवतो.

आता डबीत काय असतं ते. जुन्या काळी बुटांना लावायचं 'ब्लॅकिंग' म्हणजे काजळी, साखरेची मळी, व्हिनेगर, तेल असल्या जिन्नसांचं मिश्रण असे. पाऊस लागला की ते उतरायचं आणि धोतर-पायजम्याला लागायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेणाचं पॉलिश चालू लागलं. किवी पॉलिश १९०६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला विल्यम रॅमसे आणि हॅमिल्टन मॅकेलन यांनी काढलं. रॅमसेंची बायको न्यूझीलंडची, म्हणून डबीवर तिकडचा किवी पक्षी आला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन फौजांबरोबर ती डबी जगभर फिरली. लष्कर आणि चकाकते बूट यांची जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसली, त्याला या डबीचाही हातभार आहे. आपल्याकडे घराघरांत चेरी ब्लॉसम असतं. आतला माल बऱ्याच अंशी सारखा: दोन-तीन प्रकारचं मेण, ते पातळ ठेवणारा टर्पेंटाइनसारखा द्राव, आणि रंग.

मेणांचं मिश्रण का लागतं, यातच सगळी गंमत आहे. मधमाशीचं मेण मऊ, चिवट. ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, सहज पसरतं आणि वाकवलं तर लगेच तुटत नाही. पण त्यावर चकाकी टिकत नाही, बोट लागलं की डाग उठतो. कार्नोबा मेण याच्या उलट. ते ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या प्रदेशातल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर धरतं. उन्हात पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच पानावर हा थर धरतं. पानं कापून वाळवतात, झोडपतात, आणि त्यातून मेणाची भुकटी पडते. हे मेण ८२ ते ८६ अंशांपर्यंत वितळत नाही, आणि ते इतकं कडक की घोटलं की काचेसारखं होतं. पण एकटं वापरलं तर ठिसूळ. एकाचा चिवटपणा आणि दुसऱ्याचा कडकपणा मिळून पॉलिश बनतं.

द्रावाचं काम मेणाला छिद्रांत पोचवायचं. पॉलिश लावलं की द्राव उडून जातो आणि मेण मागे राहतं. त्या उग्र वासाचं कारण हेच. भाचीची चूक नेमकी इथे झाली होती. ताज्या पॉलिशमधला द्राव खालच्या, आधीच बसलेल्या मेणालाही विरघळवतो. म्हणजे तुम्ही तासभर खपून गुळगुळीत थर केला आणि वरून भरपूर ताजं पॉलिश फासलं, तर नवा थर जुन्याला धरून बसत नाही, त्यालाच उकरतो. शिवाय जाड लेपाच्या आतला द्राव लवकर उडत नाही, त्यामुळे खालचं मेण मऊच राहतं आणि वर फडका फिरवला की ओरखडे उठतात. अर्धी डबी संपली तरी चमक का नाही, याचं उत्तर हे. पॉलिश जितकं जास्त, तितकी चमक मागे जाते.

याच कारणाने अनुभवी लोक डबीचं झाकण दोन-चार दिवस उघडं ठेवतात. थोडा द्राव उडून जातो, मेण घट्ट होतं, आणि शेवटच्या थरांना तेच हवं असतं. माझ्याकडे दोन डब्या असतात. एक ताजी, बुटाला रोजचा हात द्यायला. दुसरी जुनी, तडे गेलेली, टोकाच्या घोटाईसाठी. वाळलेली डबी टाकून द्यायची चूक करू नका.

पाणी कशाला, हा प्रश्न भाचीने लगेच विचारला, आणि बरोबरच विचारला. पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत, अळवावरचं पाणी म्हणतात ते यासाठीच. म्हणून ओलसर फडका मेणावर चिकटत नाही, सरकतो. कोरडा फडका मेणाला धरतो आणि उचलून नेतो. ओला फडका तेच मेण जागच्या जागी दाबतो आणि पसरवतो. पाण्याचा तो थेंब मेण आणि कापड यांच्यामध्ये वंगणासारखा असतो. फौजेत थुंकी लावून पॉलिश करायची पद्धत प्रसिद्ध आहे. थुंकी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. मैदानावर पाण्याची वाटी जवळ नसते, थुंकी नेहमी असते, एवढंच तिचं माहात्म्य. घरी वाटीभर गार पाणी घ्या. गार पाण्याने मेण थोडं कडक राहतं, म्हणून काहीजण त्यात बर्फाचा खडाही टाकतात. उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो.

बूट खऱ्या चामड्याचा आहे का, हे सुरुवातीलाच पाहा. आजकाल शाळेचे आणि संचलनाचे बरेच बूट रेक्झिनचे, नाहीतर चामड्यावर प्लास्टिकचा जाड थर दिलेले असतात. जिभेच्या किंवा आतल्या कडेला जिथे कापलेली कड उघडी दिसते तिथे बघा. चामड्याची कड तंतूतंतूंची, किंचित लोकरीसारखी असते. कृत्रिम मालाची कड साफ, किंवा खाली कापडाची वीण दाखवणारी. मुंबईत असाल तर धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत एकदा नुसतं फिरून या. चार प्रकारची कातडी हातात घेऊन पाहिली की पुन्हा कुणी फसवू शकत नाही. कृत्रिम बुटावर मेण नीट धरत नाही. तो ओल्या फडक्याने पुसावा, वर हलका हात द्यावा आणि सोडून द्यावा. मखमली स्पर्शाच्या स्वेडला मेण कधीच लावू नये. आणि कोल्हापुरीला तर मुळीच नाही. ती बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्यावर कमावलेली असते. तिला तेलाचा हात हवा. मेणाने तिचं रंध्र बुजतं आणि रूप जातं.

आता काम. मी भाचीला जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायला लावलं, खिडकी उघडायला लावली, आणि गॅसच्या शेगडीपासून लांब बसवलं. टर्पेंटाइन पेट घेतं, त्याने भिजलेला फडकाही पेट घेतो. कुणी काडी लावून डबीतलं पॉलिश वितळवतात, ते मी पाहिलंय आणि भाजलेला हातही पाहिलाय. घरी हे अजिबात करू नका.

नाड्या काढायच्या. जुन्या टूथब्रशने तळव्याच्या वरच्या शिवणीतली माती काढायची. ही शिवण लोक विसरतात, आणि नंतर तिथलीच वाळू फडक्यात येऊन टोकावर ओरखडे पाडते. मग ओलसर फडक्याने सगळा बूट पुसून पूर्ण सुकू द्यायचा. भाचीच्या बुटावरचा जुना लेप काढायला कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइनचे चार थेंब घेतले, रंगाच्या दुकानात मिळतं ते. बोळा काळा काळा होत गेला आणि खालचं चामडं दिसू लागलं. हलक्या हाताने आणि क्वचितच करायचं हे काम आहे. टर्पेंटाइन चामड्यातलं तेलही ओढून घेतं.

म्हणून त्यानंतर लगेच शू क्रीम. क्रीम आणि मेण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रीममध्ये तेल, पाणी आणि रंग जास्त, मेण कमी. ते चामड्याच्या आत जातं, त्याला मऊ ठेवतं आणि उडालेला रंग भरून काढतं. मेण वर बसतं. क्रीम न लावता वर्षानुवर्षं नुसतं मेणच लावत राहिलं की चामडं आतून कोरडं पडतं आणि एके दिवशी वळणावर फाटतं. क्रीमचा पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, घोड्याच्या केसांच्या ब्रशने झाडायचं.

मग साधं पॉलिश. सगळ्या बुटाला मेणाचा पातळ हात, दहा मिनिटं विश्रांती, आणि ब्रश. लांब, झपाझप फटके, दाब न देता. इथवर येणारी चमक म्हणजे ब्रशची चमक. रेल्वे स्टेशनवरचा पॉलिशवाला पाच मिनिटांत जी देतो ती. त्याला मी कमी लेखत नाही. लाकडी पेटीवर ब्रश ठोकून गिऱ्हाइकाला बोलावणारा तो माणूस मोज्याला डाग लागू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा खोचतो, दोन्ही हातांनी दोन ब्रश चालवतो, आणि लोकल सुटायच्या आत काम संपवतो. ऑफिसला जाणाऱ्यासाठी एवढं पुष्कळ आहे. पुढचं काम फक्त सणासुदीचं, संचलनाचं, लग्नाचं.

आणि तेही अख्ख्या बुटावर नाही. हे लक्षात ठेवा. बुटाच्या टोकात आणि टाचेत चामड्याच्या आत कडक अस्तर घातलेलं असतं, त्यामुळे ते भाग चालताना वाकत नाहीत. मधला भाग प्रत्येक पावलाला वाकतो. काचेसारखा कडक मेणाचा थर वाकला की तडकतो, आणि तडकलेलं मेण पांढरं पडतं. म्हणून आरसा फक्त टोकावर आणि टाचेवर करायचा. मधल्या भागाला ब्रशची चमक पुरे. चमक टोकाकडून मागे हळूहळू कमी होत गेलेली दिसली तरच बूट शोभतो. अख्खा बूट चकचकला की तो प्लास्टिकचा वाटतो.

टोकाच्या कामाला फडका कुठला? जुना, शंभर वेळा धुतलेला सुती बनियन. नवं कापड खरखरीत असतं, टॉवेलचे धागे ओरखडे पाडतात, टेरिकॉट पाणीच धरत नाही. बनियनची पट्टी दोन बोटांभोवती अशी गुंडाळायची की बोटांच्या पोटाशी एकही चुणी राहू नये, आणि उरलेलं टोक पिळून मुठीत धरायचं. या एका चुणीने माझी कित्येक संध्याकाळची मेहनत घालवली आहे.

पहिले तीन-चार थर बिनपाण्याचे. वाळलेल्या डबीवर बोट फिरवून मेण घ्यायचं, टोकावर छोट्या गोलांनी दाबून बसवायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा. हे थर छिद्रं भरायला आहेत, म्हणून इथे दाब चालतो. या टप्प्याला बूट आधीपेक्षा कळाहीन दिसतो. भाचीचा चेहरा पडला. "हे तर आणखी वाईट झालं, मावशी." तिला म्हटलं, आता विहिरी बुजल्या, वरून अजून ओबडधोबड आहे, थांब.

मग पाणी. करंगळीचं टोक वाटीत बुडवून एक थेंब टोकावर टाकायचा. त्याचा मोती झाला तर भरणी झाली आहे असं समजायचं. चामड्यात झिरपून काळपट डाग पडला तर आणखी एक-दोन कोरडे थर हवेत. फडका किंचित दमट करायचा, ओला नाही. डबीला नुसता स्पर्श करायचा, मेण दिसणारही नाही इतकंच लागलं पाहिजे. आणि रुपयाच्या नाण्याएवढे गोल फिरवायला लागायचं. आधी धुरकट ढग येतो. फिरवत राहिलं की ढग विरतो आणि त्याच्याखालून चमक वर येते. ढग विरला की पुन्हा थेंब, पुन्हा स्पर्श, पुन्हा गोल. दर वेळी दाब आधीपेक्षा कमी, मेण आधीपेक्षा कमी. शेवटी शेवटी बोटांचं वजनसुद्धा जास्त वाटतं. हात नुसता सरकला पाहिजे, दही घुसळल्यासारखा फिरायचा नाही.

आठ-दहा फेऱ्या झाल्या आणि भाची गप्प झाली. खोलीतली ट्यूबलाइट टोकावर आधी पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसत होती, मग पट्ट्याच्या कडा धारदार झाल्या, आणि मग ट्यूबच्या शेवटाचा काळा भागही दिसू लागला. सपाटपणा मोजायचं याहून चांगलं साधन घरात नाही. दिव्याच्या कडा जितक्या स्वच्छ, तितका थर सपाट. शेवटच्या दोन फेऱ्या बिनमेणाच्या, नुसत्या दमट फडक्याने. पहिल्या बुटाला पाऊण तास लागला, दुसऱ्याला त्याहून थोडा कमी.

बिघडतं तेव्हा कारण ओळखता आलं पाहिजे. ढग विरतच नसेल तर मेण जास्त झालंय. मेण बंद करा, फक्त पाण्याने फिरवा. फडका अडखळायला लागला तर पाणी संपलंय. बारीक ओरखडे दिसले तर फडक्यात धूळ आहे, कापडाची नवी जागा बोटावर घ्या. सगळीकडे चमक आणि मध्येच टाचणीएवढे मंद ठिपके राहिले तर ती न बुजलेली छिद्रं, तिथे पुन्हा कोरडा थर लागेल. आणि सगळंच चिकट वाटलं तर बूट ठेवून द्या, झोपा, सकाळी बघा. रात्रभरात द्राव उडतो आणि अर्धं दुखणं आपोआप बरं होतं. घाईने केलेल्या पॉलिशपेक्षा दोन संध्याकाळींत वाटून केलेलं नेहमी चांगलं होतं.

दुकानात स्पंज लावलेल्या बाटल्या मिळतात, एकदा फिरवला की बूट चकचकीत. भाचीच्या मैत्रिणी तेच वापरतात. त्यातही तत्त्व तेच आहे, सपाट पृष्ठभाग. बऱ्याच बाटल्यांत प्लास्टिकच्या जातीचा द्रव असतो, तो वाळून आपोआप सपाट पापुद्रा होतो. काहींत सिलिकॉनचं तेल असतं. पापुद्रा दोन-चार आठवड्यांत वळणावर तडकतो आणि पोपडे धरतो. सिलिकॉनवर धूळ बसते आणि नंतर मेण धरत नाही. सकाळी साडेसातला गाडी पकडायची आणि बूट मळलेले, अशा दिवशी वापरा, मी नावं ठेवणार नाही. पण हजारो रुपयांच्या चामडी बुटावर ते पुन्हा पुन्हा लावू नका. चामड्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

एक गोष्ट भाचीच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, कोपऱ्यात बसून विचारली. "बूट पुसायला माणूस मिळत नाही का?" आमच्या घरात चामड्याला हात लावणं हलकं मानलं जायचं, आणि ते का मानलं जायचं हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ज्या हातांनी कातडी कमावली, बूट शिवले, चकचकीत केले, त्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं आणि बूट मात्र घरात आले. मी आईला एवढंच म्हटलं की माझी पायताणं मी साफ करते, आणि मला ते आवडतं. तिने नंतर दुसरा बूट हातात घेऊन ट्यूबलाइट पाहिली.

पावसाळ्याचं थोडं. मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर बुटांवर पांढरी बुरशी येते. तिच्यावरच पॉलिश चढवलं तर ओल आत कोंडते आणि चामडं सडतं. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आणि पंख्याखाली निदान एक पूर्ण दिवस सुकवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात नको, चामडं आखडतं. सुकल्यावर बुरशी घराबाहेर ब्रशने झाडा, क्रीम लावा, मग मेण. उलट विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत आरसा केलेले बूट ठेवू नका, मधमाशीचं मेण मऊ पडतं आणि टोकाला जे टेकेल त्याचा ठसा उमटतो. भाचीने संचलनाला जाताना दोन्ही बूट वेगवेगळ्या जुन्या मोज्यांत घालून नेले. एकमेकांना घासले असते तर सगळी मेहनत रिक्षातच गेली असती.

संचलनानंतर बूट धुळीने भरून परत आले. मैदानावरची लाल माती. तिला वाटलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. तसं नसतं. धूळ आधी कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडली, घासली नाही. मग दमट बनियनने टोक पुसलं. खालची भरणी शाबूत होती, फक्त वरचा पापुद्रा मळला होता. मेणाचा एक स्पर्श, दोन थेंब पाणी, आणि दहा मिनिटांत ट्यूबलाइटच्या कडा परत आल्या. टोकाच्या बाजूला एके ठिकाणी कुणाच्या तरी टाचेचा ओरखडा खोल गेला होता, तिथे तेवढ्यापुरते दोन कोरडे थर भरून पुन्हा घोटलं. आता दुसऱ्या बुटाला मी हात लावला नाही. तो तिने एकटीने केला, आणि मेण घेताना बोट डबीवर टेकवून लगेच उचललं.